एल तोरितो: बैलाच्या मुखवट्याआडचा पैलवान

प्रश्न असा आला आहे: टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई लागायचं त्या काळात, २०१३-१४ च्या सुमारास, दोन मातादोरांबरोबर (म्हणजे स्पेनमधल्या बैलझुंजीतले झुंजार) बैलाचा मुखवटा, शिंगं आणि शेपटी लावलेला एक अगदी लहान चणीचा गडी रिंगणात यायचा. तो खरा पैलवान होता की हसवायला ठेवलेला माणूस? आणि एवढ्याशा उंचीला त्या उड्या जमायच्या कशा, की सगळी तारांची करामत?

तारा नव्हत्या. हे खात्रीने सांगतो, कारण तारेवर लोंबकळण्यात आणि दुसऱ्याला खाली झेलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हिंदी सिनेमात फायटर म्हणून काम केलं, आता नव्या पोरांना पडायला शिकवतो. तारेवरचा माणूस कमरेतून उचलला जातो, खांदे क्षणभर मागे राहतात. कितीही चांगलं काम असलं तरी जाणत्याच्या नजरेला ते खुपतं. या गड्याच्या उडीत खांदे आधी निघायचे आणि कंबर मागून यायची, म्हणजे जोर त्याच्या स्वतःच्या पायांचा. आणि पैलवान म्हणाल तर तो पहिल्या फळीतला होता. पण आपण टीव्हीवर पाहिला तो त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात पातळ भाग.

टीव्हीवर त्याचं नाव एल तोरितो, आधीचं आणि नंतरचं मास्कारिता दोरादा. जन्म १९८२ चा, उंची साडेचार फुटांच्या आत. मेक्सिकोत त्याच्यासारख्या पैलवानांचा स्वतंत्र गट आहे, त्यांना ‘मिनी-एस्त्रेया’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘मिनी’. तो गट समजून घेतल्याशिवाय या माणसाची कारकीर्द कळत नाही, म्हणून थोडं मागे जातो.

मेक्सिकोच्या लूचा लिब्रेला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक कुस्तीला, संघटित रूप आलं १९३३ मध्ये. साल्व्हादोर लुत्तेरोथ यांनी काढलेली ती कंपनी आज सीएमएलएल नावाने चालते. तिचं घर म्हणजे मेक्सिको सिटीतलं अरेना मेहिको. आजची इमारत १९५६ ची, आणि शुक्रवार रात्रीचा खेळ तिथला सण. सामना तीन डावांचा, दोन जिंकेल तो विजयी. एका बाजूला तेक्निको, म्हणजे नियम पाळणारे, प्रेक्षकांचे लाडके. दुसऱ्या बाजूला रूदो, म्हणजे दांडगाई करणारे. तेक्निको उडतात आणि रूदो झेलतात, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निकाल आधी ठरलेला असतो, हे तिथेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी व्यावसायिक परवान्यासाठी मुष्टियुद्ध आणि लूचाच्या आयोगापुढे परीक्षा द्यावी लागते. ‘खोटं असतं’ म्हणून हात झटकणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, निकाल ठरवल्याने जमीन मऊ होते का? फळ्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेलं कापड, असं ते रिंगण असतं, आणि मेक्सिकोतली रिंगणं तर कडकपणासाठी बदनामच.

लहान चणीचे पैलवान मेक्सिकोत फार आधीपासून होते, पण बहुतेक वेळा गंमतीचा भाग म्हणून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंतोनियो पेन्या या माणसाने ते चित्र पालटलं. पेन्या तेव्हा सीएमएलएलमध्ये सामने आखायचा. त्याने मिनींचा वेगळा गट उभा केला, त्यांना विजेतेपद दिलं आणि गाजलेल्या मोठ्या पैलवानांच्या छोट्या आवृत्त्या तयार केल्या. तोच मुखवटा, तोच पोशाख, नाव तेवढं लाडाचं. मास्कारा साग्रादाचा मास्कारिता साग्रादा झाला, ऑक्तागोनचा ऑक्तागोन्सितो, पुढे ला पार्काचा ला पार्किता. १९९२ मध्ये पेन्याने फुटून ट्रिपल ए ही स्वतःची कंपनी काढली आणि बरेचसे मिनी त्याच्यामागे गेले. सीएमएलएलचा पहिला मिनी विजेता मास्कारिता साग्रादाही त्यांत होता.

पेन्याला एक गोष्ट कळली होती, जी आमच्या धंद्यात अजून अनेक फाइट मास्टरांना कळलेली नाही. लहान शरीराचा माणूस लहान मुलाचा डुप्लिकेट म्हणून वापरणं म्हणजे त्याच्या कौशल्याचा अर्धाही उपयोग न करणं. लहान शरीर हवेत मोठ्या शरीरापेक्षा वेगळं वागतं आणि त्या वेगळेपणावर आख्खा खेळ उभा राहू शकतो. १९९७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) मेक्सिकन मिनी अमेरिकेत आणले तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनाही हे क्षणभर दिसलं. जुन्या लोकांना मॅक्स मिनी आठवत असेल. पण तो प्रयोग फार टिकला नाही.

मिनी म्हणजे सगळे बुटकेपणाची वैद्यकीय स्थिती असलेले लोक, असंही नाही. काहींना ती असते, काही नुसतेच कमी उंचीचे असतात.

आता आपला गडी. २००० नंतर तो ट्रिपल एमध्ये ‘मास्कारिता साग्रादा २०००’ या नावाने उतरला. म्हणजे नावही उसनं आणि तेही दुसऱ्या हाताचं: मोठ्या साग्रादाचा छोटा साग्रादा, आणि त्या छोट्याची पुढची आवृत्ती. मेक्सिकोत हे नेहमीचं. मुखवट्यामागचा माणूस बदलता येतो आणि नाव बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचं असतं. मूळ ला पार्का अमेरिकेत गेला तेव्हा ट्रिपल एने तेच नाव, तोच सांगाड्याचा पोशाख दुसऱ्याला चढवला आणि मूळ माणसाला पुढे एल. ए. पार्क म्हणून फिरावं लागलं. मोठ्यांची ही गत, तिथे मिनीचं काय विचारता? २००७ च्या सुमारास आपला गडी सीएमएलएलमध्ये गेला तेव्हा जुनं नाव मागे राहिलं आणि तो मास्कारिता दोरादा झाला.

इथे गोष्ट उलटी फिरते, आणि मला या माणसाच्या कारकिर्दीत हाच भाग सगळ्यात आवडतो. दोरादा इतका चालला की २००८ मध्ये सीएमएलएलने त्याच्यावरून मोठा पैलवान तयार केला. एका तरुण, उंच उडी घेणाऱ्या गड्याला सोनेरी मुखवटा दिला आणि त्याचं नाव ठेवलं मास्कारा दोरादा. एरवी मोठ्यावरून छोटा बनतो, इथे छोट्यावरून मोठा बनला. हाच मास्कारा दोरादा पुढे ग्रान मेतालिक नावाने डब्ल्यूडब्ल्यूईत आला आणि २०१६ च्या क्रूझरवेट क्लासिक या हलक्या वजनाच्या पैलवानांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. सामना आखणाऱ्यांनी मिनीला दिलेली याहून मोठी पावती मला माहीत नाही.

ती पावती कशासाठी, ते एका डावावरून सांगतो. दोरादा दोरांवर पाठ आपटून उसळी घेतो आणि धावत येतो. समोर रूदो पाय फाकवून, गुडघे किंचित मोडून उभा. दोरादा उडी मारून त्याच्या कुशीत शिरतो, एक हात त्याच्या मानेमागे. रूदोचा एक हात त्याच्या कमरेत जातो, दुसरा मांडीखाली. दोरादाचे पाय वर जातात आणि त्याचं शरीर रूदोच्या छाती-पाठीभोवती आडवं फिरायला लागतं. साधारण चांगला गडी एक फेरी मारतो, पायांची कात्री समोरच्याच्या मानेत अडकवतो आणि त्याला फेकतो. दोरादा कात्री घालायच्या आधी एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी फेरी घ्यायचा, आणि वेग कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटायचा.

याचं गणित सोपं आहे. फिरणाऱ्या शरीराचं वजन आसापासून जितकं जवळ, तितकं ते फिरवायला हलकं. सहा फुटी माणसाचे पाय आसापासून लांब जातात, त्यांना ओढत न्यावं लागतं आणि पहिल्या फेरीतच जोर संपतो. साडेचार फुटाच्या आतल्या माणसाचं सगळं वजन रूदोच्या अंगालगत राहतं. शिवाय हाडामांसाचं वजन उंचीपेक्षा झपाट्याने वाढतं, स्नायूंची ताकद त्या मानाने कमी वाढते. म्हणून वजनाच्या हिशेबात लहान गडी जास्त ताकदवान पडतो. आमच्याकडे सुद्धा पलटी मारायला उभा केलेला पोरगा जितका आखूड, तितकी पलटी लवकर पुरी होते.

पण फायद्याबरोबर तोटा येतो. मिनींसाठी रिंगण छोटं करत नाहीत. दोरापासून दोरापर्यंतचं अंतर तेवढंच. मोठा माणूस ज्या अंतराला तीन ढांगा टाकतो, तिथे याला पाच-सहा पावलं पळावी लागतात आणि पोहोचायचं मात्र त्याच ठेक्यावर. सगळ्यात वरचा दोर मोठ्या माणसाच्या छातीशी येतो, याच्या कपाळाशी. दोरांवर पाठ टेकताना मधला दोर चुकून मानेत आला तर काय होईल, याचा विचार करा. वरच्या दोरावर चढायला त्याला आधी मधल्या दोरावर उभं राहावं लागतं, म्हणजे एक हालचाल जास्त, आणि ती लपवायची कशी हे त्याचं कसब. त्याने ते सोडवलं वेगाने. लोक म्हणतात ‘किती चपळ’. मला दिसायचं ते पावलांचं मोजमाप. कोणत्या पायावर दोराला लागायचं हे त्याचं एकदाही चुकताना मी पाहिलं नाही.

झेलणाऱ्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. त्या तीन फेऱ्यांत रूदो खांबासारखा उभा नसतो. पंजावर पाऊल फिरवत तो स्वतःही किंचित वळत असतो, पाठीमागून आलेलं शरीर एका हातातून दुसऱ्या हातात घेत असतो आणि चेहऱ्यावर मात्र ‘हे काय झालं’ असा गोंधळ ठेवतो. त्याची पकड अर्धा क्षण उशिरा पडली तर उडणारा डोक्यावर जातो. ही कामं सीएमएलएलमध्ये पियेरोतितो, पेकेन्यो ओलिम्पिको, पेकेन्यो दामियान ६६६ (पुढे तो देमुस ३:१६ झाला) असे रूदो मिनी करायचे. दोरादाचे त्या वर्षांतले झगडे याच लोकांमुळे चमकले. झेलणाराही त्याच मापाचा लागतो. सहा फुटी गड्याच्या कमरेपर्यंतच हात पोहोचत असेल तर मानेभोवती फिरणार कसं?

अमेरिकेत त्याचं काय झालं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

२०१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला करारावर घेतलं. ३० सप्टेंबर २०१३ च्या रॉ या साप्ताहिक कार्यक्रमात लोस मातादोरेस ही जोडी पुढे आली आणि तिच्याबरोबर एल तोरितो. ते दोन ‘स्पॅनिश’ मातादोर म्हणजे प्रिमो आणि एपिको, प्वेर्तो रिकोच्या कोलोन घराण्यातले चुलतभाऊ. म्हणजे प्वेर्तो रिकोचे दोघे स्पेनचे झाले आणि मेक्सिकोचा विजेसारख्या उड्यांचा माणूस त्यांचा बैल झाला. अमेरिकन कंपनीच्या लेखी स्पॅनिश बोलणारे सगळे एकच.

मेक्सिकोत दोन वेगळी कामं आहेत. मिनी हा पैलवान, तो सामना लढतो. दुसरा असतो मस्कट, तो मोठ्या पैलवानांबरोबर रिंगणात येतो, नाचतो, मध्ये लुडबुडतो, लाथा खातो. सीएमएलएलचा निळ्या माकडाच्या पोशाखातला केमोनितो हा त्यांतला सगळ्यात गाजलेला. त्याला रूदोने हवेत भिरकावलं की अख्खं अरेना मेहिको शिव्या घालायचं. तेही खडतर काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही, आणि केमोनितोचाच मुलगा मिक्रोमान २०१७ मध्ये आणखी छोट्या उंचीच्या मिक्रो गटात उतरून मोठा तारा झाला. पण ती दोन कामं वेगळी आहेत. डब्ल्यूडब्ल्यूईने एका अव्वल पैलवानाला मस्कटच्या जागी बसवलं. शेपटी धरायची, चावायचं, शिंगं मारायची, आणि मधूनच एखादी उडी.

त्या एखाद्या उडीतही माणूस दिसायचा. २६ जानेवारी २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये (सगळे एकाच रिंगणात, वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला तो बाद) त्याने फँडँगो या पैलवानाला बाहेर काढलं. नंतर रोमन रेन्सने त्याला काढलं. रेन्सने त्या रात्री बारा जणांना काढून विक्रम केला, त्या बारांत हा एक.

आणि मग ४ मे २०१४, न्यू जर्सीतला एक्स्ट्रीम रूल्स हा डब्ल्यूडब्ल्यूईचा मोठा कार्यक्रम. मुख्य कार्यक्रमाच्या आधी हॉर्नस्वॉगल या कंपनीतल्याच लहान चणीच्या पैलवानाविरुद्ध त्याचा टेबल, शिड्या आणि खुर्च्यांचा सामना ठेवला होता. मोठ्यांच्या अशा सामन्याला ‘टीएलसी’ म्हणतात, याचं नाव ‘वीएलसी’, ‘वी’ म्हणजे इंग्रजीत चिमुकलं. छोटी टेबलं, छोट्या शिड्या, छोट्या खुर्च्या. पंच, निवेदक आणि समालोचकही लहान चणीचे. कागदावर हा विनोद होता, आणि तो फारसा बरा विनोद नव्हता. पण सामना सुरू झाला तसं लोकांचं हसणं बदलत गेलं, ते ओरडायला लागले. हॉर्नस्वॉगल तिथे थ्रीएमबी या टोळक्याबरोबर होता, म्हणजे हीथ स्लेटर, ड्रू मॅकिंटायर आणि आपल्याकडे ओळखीचा झालेला जिंदर महाल. तोरितोने त्या मोठ्या गड्यांवरही झेपा घेतल्या आणि शेवटी हॉर्नस्वॉगलला टेबलातून घालवून सामना जिंकला. कामाचा माणूस म्हणून सांगतो, छोट्या सामानाने धोका छोटा होत नाही. मोठ्या शिडीचे पाय रुंद असतात, ती डगमगली तरी सावरते. आखूड शिडी हलकी, अंगाखालून सटकते. टेबल लहान असेल तर अंग टेबलाबाहेर राहतं आणि कड बरगडीत बसते. दोघांनी ते सगळं झेललं. त्या रात्रीच्या चांगल्या सामन्यांत मी तो धरतो.

महिनाभरात, १ जूनला पेबॅक या पुढच्या कार्यक्रमात दोघांचा मुखवटा विरुद्ध केस असा सामना झाला. हरला असता तर तोरितोचा मुखवटा गेला असता. हरला हॉर्नस्वॉगल, आणि त्याचं डोकं भादरलं. मेक्सिकोत या पैजेइतकं गंभीर काही नाही. मुखवटा हरलेल्या पैलवानाला तो काढून आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं खेळतोय ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं, आणि तो मुखवटा पुन्हा कधी चढत नाही. अमेरिकेत तीच पैज उन्हाळ्याच्या संध्याकाळची गंमत झाली. निदान मुखवटा राहिला.

त्यानंतर उतरण. ढकलाढकली आणि पाठलाग एवढंच काम उरलं. २०१५ मध्ये मातादोरांनीच त्याच्यावर हात उचलला, जोडीला नवं रूप द्यायचं होतं, त्यात बैलाला जागा नव्हती. मे २०१६ मध्ये कंपनीने त्याला सोडलं. तो पुन्हा मास्कारिता दोरादा झाला आणि छोट्या-मोठ्या कंपन्यांच्या फेऱ्यांवर निघाला.

याला अपयश म्हणावं का? पगार नियमित, नाव जगभर, हाडं शाबूत. आमच्या धंद्यातला कोणीही असं काम नाकारणार नाही, मीही नाकारलं नसतं. मला राग येतो तो ते काम आखणाऱ्यांचा. एका बाजूला त्याला झेलू शकणारे तीन-चार रूदो मिनी मेक्सिकोतून आणले असते तर दर आठवड्याला पाच मिनिटांत बाकीचा कार्यक्रम फिका पडला असता. त्यांनी हॉर्नस्वॉगल दिला. तो कष्टाळू आणि धाडसी होता, पण लूचात वाढलेला नव्हता. त्यातच मेक्सिकोत पकडी शरीराच्या उजव्या बाजूने घालतात, अमेरिकेत डाव्या बाजूने. इतकी वर्षं अंगात मुरलेली बाजू उलटी करायची, शिंगांच्या मुखवट्यातून बाजूचं अर्धवट दिसत असताना. ज्याने प्राण्याचं डोकं घालून एकदा तरी काम केलं आहे, त्याला विचारा की पायाखालची जमीन दिसत नसताना पलटी मारताना काय वाटतं.

रे मिस्टेरिओशी तुलना बऱ्याच जणांनी केली आहे. ती चुकीच्या पायावर उभी आहे. मिस्टेरिओ साडेपाच फुटी, म्हणजे कोणत्याही रांगेत उभा केला तर वेगळा दिसणार नाही. तो मिनी नाही, मोठ्यांच्याच गटात लहान होता, आणि त्याला उचलून झेलायला सहा फुटी माणसं पुरत होती.

काळजीचं एक सांगतो. बुटकेपणाच्या सगळ्यात सामान्य प्रकारात, ॲकॉन्ड्रोप्लेझियात, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची वाट जन्मतः अरुंद असते. मानेवरचा मार अशा माणसाला इतरांपेक्षा फार महाग पडू शकतो, आणि डॉक्टर अंगाला भिडणारे खेळ टाळायला सांगतात. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात किंवा मेळ्यात लहान चणीच्या माणसाला ‘गंमत’ म्हणून उचलून फेकणारे आहेत. शिकलेल्या गड्याला शिकलेला गडी फेकतो ते वेगळं. बाकीचं करू नका, करू देऊ नका.

आणि मुखवट्याचा दुसरा चेहरा. जून २००९ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका हॉटेलात ला पार्किता आणि एस्पेक्त्रितो २ हे जुळे भाऊ मृत सापडले. दोघेही मिनी. त्यांना पेयातून गुंगीचं औषध देऊन लुटण्यात आलं होतं. इतरांना अशा डोसने झोप लागते, यांच्या लहान शरीरांना तो पेलला नाही, असं तेव्हा मांडलं गेलं. आदल्या आठवड्यापर्यंत टाळ्या घेणारी ही माणसं मुखवट्याशिवाय रस्त्यावर कोणालाच ठाऊक नव्हती.

आता पाहायचं काय. तोरितो शोधू नका, मास्कारिता दोरादाचे २००७ नंतरच्या तीन-चार वर्षांतले सीएमएलएलचे सामने शोधा, शक्यतो तीन विरुद्ध तीनचे. पहिल्यांदा त्याला पाहा, ते टाळता येणारच नाही. दुसऱ्यांदा तोच सामना लावा आणि नजर फक्त समोरच्या रूदोच्या पायांवर ठेवा, विशेषतः फेऱ्या सुरू होतात तेव्हा. कोणता पंजा आधी वळतो आणि टाच कधी टेकते, ते बघा. तारा का लागत नाहीत, ते तिथे दिसेल.